कातडं शाबूत राहावं म्हणून: गोळी, छर्रा आणि संग्रहालयातला कोल्हा
(विरार येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न घेतले आहेत.)

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या, हे आम्ही पाहिलं. इतिहासाच्या व्याख्यानात बंदुकीच्या गोळीचं काय काम? लढायांचा इतिहास म्हटला तर ठीक आहे. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला, तिथे तोफा, सुरुंग, दारूगोळा सगळं येतं. पण आज आपण लढाईबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय ते कातड्यावरच्या भोकाबद्दल.

काही वर्षांपूर्वी वसईकडच्या एका जुन्या घरात आम्ही कागदपत्रं पाहायला गेलो होतो. कागद झाले, चहा झाला, आणि घरच्या आजोबांनी माळ्यावरून एक गुंडाळी खाली काढली. बिबट्याचं कातडं. वाडवडिलांच्या काळातलं, मालकीचा सरकारी दाखला असलेलं. आम्ही ते जमिनीवर पसरलं. डाव्या खांद्यामागे एक भोक होतं, जुन्या चवलीएवढं. आणि उजव्या कुशीवर दुसरं, चहाच्या बशीएवढं, आतून ठिगळ लावून शिवलेलं. आजोबा म्हणाले, "दोन गोळ्या लागल्या असणार, एक लहान, एक मोठी." आम्हीही मान डोलावली.

आम्ही चुकलो होतो. ती एकच गोळी होती. इकडून शिरली आणि तिकडून निघाली. शिरताना चवलीएवढी आणि निघताना बशीएवढी. हे कळल्यावर आम्हाला वाटायला लागलं की कातड्यावरचं भोक हाही एक दस्तऐवज आहे. प्राणी मारणाऱ्याला त्याच्याकडून काय हवं होतं, ते त्या भोकात लिहिलेलं असतं. आज आपण ते वाचायला शिकू.

गोळी आत गेल्यावर काय करते

थोडं यंत्रशास्त्र आधी उरकून घेऊ. रायफलची गोळी ढोबळमानाने तीन प्रकारची.

पहिली, पूर्ण कवच असलेली. आत शिसं, बाहेरून कठीण धातूचं आवरण. ही आकार न बदलता आरपार जाते. भोक दोन्हीकडे लहान. कातडं वाचतं, पण प्राणी तत्काळ मरेलच असं नाही. जखमी होऊन दूर पळतो, झुडपात जाऊन तळमळत मरतो.

दुसरी, मऊ किंवा पोकळ टोकाची. ही आत शिरली की छत्रीसारखी उघडते. प्राणी जागेवर पडतो, पण उघडलेली गोळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना कातडं फाडून जाते. आजोबांच्या बिबट्याची बशी ती हीच.

विरारकरांना यातला एक शब्द आवडेल. १८५६ साली लंडनच्या पर्डी नावाच्या बंदूक बनवणाऱ्याने आपल्या वेगवान रायफलला 'एक्स्प्रेस ट्रेन' असं नाव दिलं. त्यावरून हलक्या, वेगवान गोळीच्या रायफलींना एक्स्प्रेस रायफल म्हणू लागले, आणि पुढे यांच्या गोळ्या बहुधा पोकळ टोकाच्या असत. हिंदुस्थानातल्या साहेब शिकाऱ्यांच्या हातात दोन पिढ्या हीच बंदूक होती. आपल्याकडे पहिली लोकल १८६७ साली धावली. एक्स्प्रेस गोळी त्याआधीच निघाली होती.

पुढे १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात लष्करासाठी मऊ टोकाची गोळी तयार झाली. कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो तरीही चाल करून येतो, अशी सैन्याची तक्रार होती. १८९९ च्या हेग परिषदेने अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला मनाई केली. आता गंमत बघा. युद्धात जी गोळी क्रूर ठरली, तीच शिकारीत दयाळू मानली जाते, कारण ती प्राण्याला लवकर मारते. ब्रिटनमध्ये तर हरणासाठी पसरणारीच गोळी वापरावी असा कायदा आहे.

तिसरी गोळी मात्र वेगळी. हलकी, पातळ कवचाची आणि अतिवेगवान. लहानसं भोक पाडून आत शिरते आणि आतच तिचा चुरा होतो. बाहेर येतच नाही. म्हणजे कातड्यावर एकच भोक, आणि तेही केसांत लपेल इतकं.

ही तिसरी गोळी कोणाला हवी होती? ज्याला कातडं विकायचंय त्याला.

कायोटी आणि कातड्याचा भाव

उत्तर अमेरिकेत कायोटी नावाचा प्राणी आहे. आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊ म्हणा. अंगाने थोडा मोठा, लांडग्याहून लहान. थंडीत त्याची लव दाट होते आणि त्या लवेला बाजारात भाव मिळतो. भोक मोठं तर भाव कमी. त्यामुळे तिथल्या शिकाऱ्यांत कायोटीसाठी कोणती गोळी, हा वाद पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

त्या वादाला खरा जोर आला १९३० च्या सुमारास. त्या साली .२२ हॉर्नेट हे छोटं काडतूस बाजारात आलं, आणि १९३५ साली .२२० स्विफ्ट. आकडे ऐका. आपल्याकडच्या पोलिसांच्या आणि शिकाऱ्यांच्या ओळखीची .३०३ रायफल घ्या. तिची जुनी गोळी सुमारे १४ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ६३० मीटर. स्विफ्टची गोळी जेमतेम ३ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला १,२०० मीटरच्या वर. ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. हिशेब केलात तर एवढीशी गोळी जवळजवळ तेवढीच ऊर्जा घेऊन जाते. फरक इतकाच, की जड गोळी त्यातली बरीचशी घेऊन पलीकडे निघून जाते आणि हलकी गोळी सगळी आत खर्च करते.

पण यातही मेख आहे. फार नाजूक गोळी फार वेगाने खांद्याच्या हाडावर आदळली तर आत न शिरता वरच फुटते आणि कातड्याला खड्डा पडतो. फार मजबूत असली तर पलीकडून बाहेर येते. म्हणून नेम धरायचा तो खांद्यामागे, फासळ्यांवर, जिथे हाड पातळ आहे. किंवा सरळ डोक्यावर, म्हणजे अंगाचं कातडं पूर्ण वाचलं. डोक्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे मात्र…

आता आपल्या कोल्ह्याकडे येऊ. आपल्याकडे हा वाद कधी झालाच नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. उष्ण प्रदेशातल्या प्राण्याची लव विरळ. कोल्ह्याच्या कातड्याला फरच्या बाजारात मानाचं स्थान नव्हतं. आपल्याकडे कोल्हा होता तो म्हणींमध्ये, काकडीला राजी असलेला. तो होता ऊस, काकडी, कलिंगडाच्या शेतात आणि कोंबड्यांच्या खुराड्याभोवती. त्याला हाकलायचा तर ठासणीच्या बंदुकीचा बार काढायचा, बहुतेक वेळा हवेतच. त्यात कातड्याचा विचार कोण करतो?

साहेबाला कातडं हवं होतं ते वाघाचं, बिबट्याचं, आणि तेही भिंतीवर लावायला. तिथे भोक बुजवायला कारागीर होते. म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांच्या कारखान्यात अशी कातडी जायची आणि जिवंत वाटावा असा वाघ होऊन परत यायची. मोठ्या भोकाची चिंता शिकाऱ्याला नव्हती. उलट वाघासमोर उभं राहिल्यावर मोठं भोक पाडणारी गोळीच बरी.

मग महाराष्ट्रात "कातडं शाबूत राहिलं पाहिजे" असा आग्रह धरून गोळी निवडणारं कोणी होतं का? होतं. ती मंडळी बाजारातली नव्हती, संग्रहालयातली होती.

नाव आमचं, नमुना त्यांचा

सुरुवात कर्नल साइक्सपासून करू. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातला अधिकारी. १८२० च्या दशकात त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं होतं. लोकसंख्या, पिकं, पाऊस मोजता मोजता त्याने प्राण्यांचीही नोंद केली आणि १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध झाली. आपल्या माळरानावरचा लांडगा शास्त्रात आला तो या यादीतून, 'पॅलिपेस' म्हणजे फिकट पायांचा या नावाने. रानकुत्र्याला त्याने 'दुखुनेन्सिस' म्हटलं, म्हणजे दख्खनचा, आणि त्याचं मराठी नाव कोळसुन हेही टिपून ठेवलं. आणि खोकडाला त्याने चक्क मराठी नावावरून 'कोकरी' म्हटलं. त्या प्राण्याला आधीच दुसरं शास्त्रीय नाव मिळालेलं असल्यामुळे ते टिकलं नाही. पण एका मराठी शब्दाने लॅटिनच्या पंगतीत काही काळ पान मांडलं होतं.

पुढे १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन आपले डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सुरुवातीला सभासद आपापले शिकारीचे नमुने आणून देत. मोठे, शिंगवाले, देखणे प्राणी भरपूर. पण उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ, मुंगूस, कोल्हा कोण आणणार? शिकाऱ्याला त्यांची हौस नव्हती.

म्हणून १९११ साली सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. यामागे होते डब्ल्यू. एस. मिलर्ड, फिप्सन कंपनीच्या मद्याच्या पेढीतले भागीदार आणि सोसायटीचे मानद सचिव. त्यांनी वर्गणी जमवली, पगारी संग्राहक नेमले आणि काम सुरू झालं ते आपल्या खानदेशातून. संग्राहक होता सी. ए. क्रम्प. त्याने पाठवलेल्या नमुन्यांवर लंडनमध्ये बसून अहवाल लिहिला रॉटन यांनी; ते पूर्वी मुंबई इलाख्यात वनखात्यात होते. मधे पहिलं महायुद्ध आलं, काम मंदावलं, पण १९२३ पर्यंत हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन मिळून सुमारे २५,००० नमुने जमले.

कोल्ह्यालाही त्यात जागा मिळाली. शॉर्टरिज या संग्राहकाने कूर्गमधल्या विराजपेठेहून पाठवलेल्या कोल्ह्यावरून रॉटन यांनी १९१६ मध्ये दक्षिणेच्या कोल्ह्याला 'नारिया' असं नाव दिलं. कन्नडमध्ये कोल्ह्याला नरी म्हणतात, त्यावरून.

संग्राहकाची अडचण

आता त्या संग्राहकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तंबू टाकलाय, संध्याकाळ झाली आहे, नाल्याच्या काठाने कोल्हा येतोय. हा नमुना हजारो मैल दूर जाणार आहे. तिथे एक माणूस त्याच्या लवेचा रंग, पाठीवरची काळी झाक, शेपटीचं टोक बघणार आहे. म्हणून कातडं शाबूत हवं.

मग डोक्यावर नेम धरायचा का, कायोटीवाल्यासारखा? नाही! कारण तोच माणूस कवटीही मोजणार आहे. कवटीची लांबी, गालाच्या हाडांची रुंदी, दातांची रांग. सस्तन प्राण्याची ओळख पटते ती बरीचशी कवटीवरून आणि दातांवरून. कवटी फुटली की अर्धा नमुना गेला. कायोटीवाल्याला डोकं फुकट होतं. संग्राहकाला डोकंही हवं होतं आणि अंगही.

म्हणून रायफल बाजूला पडते आणि छर्ऱ्याची बंदूक पुढे येते. इथे गणित साधं आहे. इंग्रजी मापाच्या एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, एस. जी. नावाचे मोठे छर्रे बसतात फक्त ८. ६ नंबरचे बसतात २७०. ८ नंबरचे ४५०. हे नंबर बारा बोअरची काडतुसं वापरणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनाही परिचयाचे आहेत. छर्रा जितका बारीक तितकं भोक लहान, केसांत दिसतही नाही. पण जितका बारीक तितका तो वरवर अडकतो. चिमणीएवढ्या पाखराला अगदी भुकटीसारखा छर्रा पुरतो. आठ-दहा किलोच्या कोल्ह्याला तो मारला तर कोल्हा जखमी होऊन पळणार. ना नमुना, ना दया. म्हणजे नियम असा: मरण नक्की येईल इतका मोठा, आणि त्याहून एक नंबरही मोठा नाही. शिवाय जवळ जायचं, तीसेक मीटरच्या आत. नेम फासळ्यांवर. आणि लहान प्राण्यांसाठी तर बंदूकच नको, पिंजरे आणि सापळे लावायचे.

गोळीनंतरचं काम त्याहून किचकट. प्राणी पडल्याबरोबर नाकात, तोंडात, प्रत्येक भोकात कापसाचे बोळे घालायचे, नाहीतर रक्त लवेवर पसरतं आणि मूळ रंग जातो. मग मोजमाप: डोकं आणि धड, शेपटी, मागचं पाऊल, कान. मग पोटावर चीर देऊन कातडं सोलायचं, चरबी खरवडायची, भोकं आतून शिवायची आणि आतल्या बाजूला सोमल घातलेला साबण लावायचा, कीड लागू नये म्हणून. आपल्या हवेत उशीर झाला की केस मुळापासून सुटायला लागतात. कोकणात पावसाळ्यात सुकट ठेवलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी. पायाला दोऱ्याने बांधलेली. गाव, उंची, तारीख, नर की मादी, मापं, संग्राहकाचं नाव.

मंडळी, आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: त्या बिबट्याच्या कातड्याला आणि या कोल्ह्याच्या कातड्याला वेगळं करते ती चिठ्ठी. लहान भोक आणि ही चिठ्ठी, दोन्ही एकाच हेतूतून आली आहेत. ज्याला पुढच्या माणसाला काही सांगायचं होतं, त्याने गोळी जपून निवडली. ज्याला फक्त भिंतीवर लावायचं होतं, त्याने निवडली नाही. आजोबांच्या बिबट्यावर गाव नाही, साल नाही. तो वैतरणेच्या काठचा की दूरच्या घाटातला, कोणीही सांगू शकत नाही.

एक चिमणी

हेच एका मुलाच्या बाबतीतही घडलं. गिरगावच्या खेतवाडीत मामाकडे वाढणारा एक मुलगा छर्ऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने चिमण्या मारायचा. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा ठिपका दिसला. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन सोसायटीत पाठवलं, त्याच मिलर्ड यांच्याकडे. मिलर्डनी ओळख सांगितली, पिवळ्या गळ्याची रानचिमणी. मग कपाटं उघडून संग्रह दाखवला, आणि पुढे मुलगा कातडी भरायला शिकला. त्याचं नाव सालिम अली. बंदूक खेळण्यातली होती म्हणून तो ठिपका शिल्लक राहिला. मोठ्या छर्ऱ्याने गळा उडवला असता, तर मामांकडे दाखवायला काय उरलं असतं?

आता आपण

एक गोष्ट सांगितली पाहिजे. चिठ्ठीवर संग्राहकाचं नाव असतं. नाला कुठे, कोल्ह्याची वाट कुठली, बीळ कुठे, हे दाखवणाऱ्या गावातल्या माणसाचं नाव सहसा नसतं. खानदेशात काय किंवा आपल्या डोंगरपट्टीत काय, ती माहिती जंगलात राहणाऱ्यांची होती. चिठ्ठी हा आपला आवडता पुरावा असला तरी तो अपुरा आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी विसरू नये.

आता गोळीचा काळ संपला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दिवस गेले, कोल्हा संरक्षित आहे, आणि ते योग्यच आहे. पण कोल्हा गेलेला नाही. मुंबईपासून वसईच्या खाडीपर्यंत तिवरांच्या जंगलात तो आजही आहे. मिठागरांच्या बाजूला राहणाऱ्यांनी रात्री कोल्हेकुई ऐकली असेल. आज आपल्याला भोक पाडायचं नाही, पण चिठ्ठी तर लिहायची आहे ना? मोबाईलवर कोल्ह्याचा फोटो येतो, शंभर जणांना पाठवला जातो, आणि त्यावर जागा नाही, तारीख नाही. तो फोटो म्हणजे आजोबांचा बिबट्याच. जागा, तारीख, वेळ, पाहणाऱ्याचं नाव एवढं लिहिलंत, की तो नमुना झाला. आणि उद्या तिवरं तोडायची गोष्ट निघाली तर कोणाला तरी तो दाखवता येईल.



श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: म्हणजे शास्त्रासाठी मारलं तर चालतं, असं तुमचं म्हणणं आहे का?*

नाही. त्या काळात दुर्बिणी, कॅमेरे, जनुकीय चाचण्या नव्हत्या, हे खरं. पण २५,००० नमुने म्हणजे २५,००० जीव, हेही खरं. आम्ही एवढंच म्हणतो की जे मारले गेले ते वाया जाऊ नयेत. ती कातडी आजही संग्रहांत आहेत आणि अशा जुन्या कातडीच्या कणभर तुकड्यावरून आज जनुकं वाचता येतात. त्यामुळे नवा प्राणी न मारता नवे प्रश्न विचारता येतात.

*प्रश्न: कवटी एवढी महत्त्वाची, तर ती कधी फसवते का?*

फसवते की. आफ्रिकेतल्या ज्या प्राण्याला शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याच कोल्ह्याच्या जातीचा मानलं जात होतं, तो जनुकांवरून लांडग्याच्या अधिक जवळचा निघाला. हे २०१५ साली दाखवण्यात आलं. दिसायला दोघं इतके सारखे की कवटी मोजणारेही चकले होते. म्हणून म्हणतो, कातडं, कवटी आणि चिठ्ठी तिन्ही जपून ठेवा. पुढचा माणूस त्यातून काय वाचेल, ते आज सांगता येत नाही.